पाचट्याची तीन बोटं

बाळांनो, जरा माझ्याबरोबर पाच कोटी वर्षं पुढे चला. डोळे मिटायची गरज नाही. डोळे मिटले की मुलं झोपतात, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. उघड्या डोळ्यांनीच चला. आता इथे इस्लामपूर नाही, कारखान्याची चिमणी नाही, तुम्ही नाही, मीही नाही. ऊस मात्र आहे असं धरून चालू, कारण ऊसच नाही अशी कल्पना आमच्या वाळवा तालुक्यात कुणालाच करता येत नाही. तर त्या उसात काहीतरी हललं. काय असेल ते?

बिबट्या म्हणाला असाल तर उत्तर चुकलं. बिबट्या आजचा. मी पाच कोटी वर्षांनंतरचं विचारतोय. नीट विचार करा, घाई नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी ह्या प्रश्नावर एक आठवडा घेतला होता. त्यातल्या एका उत्तरापायी माझी अब्रू आबा सुभेदारांच्या उसात सांडली. ती कशी, ते सांगतो.

मी निवृत्त शास्त्रशिक्षक. आमची कॉलनी गावाच्या टोकाला आहे. आमच्या कंपाउंडची भिंत संपते तिथे आबांचा ऊस सुरू होतो. दर रविवारी सकाळी नऊला आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दहा-बारा मुलं जमतात. फी नाही, परीक्षा नाही. ह्याच कारणाने कॉलनीला माझा संशय आहे. शेजारचे जयराजराव, जे कॉलनीचे सेक्रेटरी आहेत, त्यांच्या मते फुकट शिकवणारा माणूस एक ना एक दिवस निवडणुकीला उभा राहतो. कुठल्या वॉर्डातून, हे त्यांनी मला आतापर्यंत तीनदा सहज म्हणून विचारलं आहे.

तर गेल्या जानेवारीत मी मुलांना हा प्रश्न घातला. पुढच्या रविवारी उत्तरं आली. राजवर्धन नावाच्या मुलाने सहा पायांचा कुत्रा आणला. दोन पाय गाडीखाली गेले तरी चार उरावेत, अशी त्यामागची योजना होती. मी त्याला समजावलं की प्राणी अर्ज करून पाय मागून घेत नाहीत. पिल्लं होतात, ती सगळी एकमेकांपेक्षा थोडी वेगळी असतात. ज्याचं वेगळेपण त्या जागेला उपयोगी पडतं ते जगतं, त्याला पिल्लं होतात. असं लाखो वेळा झालं की शेवटचं पिल्लू पहिल्या आईला दाखवलं तर ती ओळखणार नाही. राजवर्धनने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पाय आठ केले तर चालतील का, असं विचारलं.

मग प्रियदर्शनी उठली. ही पाचवीतली मुलगी. मागच्या गल्लीत राहते. वडील महेंद्र कुपवाडला पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन करतात. ही मुलगी समोरच्याकडे असे डोळे बारीक करून बघते, की आपणच कुणाला वजनात मारलंय की काय अशी आपली आपल्यालाच शंका यावी. मला ती फार आवडते. तिने वहीची चार पानं भरून आणली होती. प्राण्याचं नाव पाचट्या. उसाच्या वाळलेल्या पानांना आपण पाचट म्हणतो, त्या रंगाचं त्याचं अंग. मूळचं मांजर. पिढ्यान् पिढ्या उसातच राहिल्यामुळे कान पानासारखे उभे आणि अरुंद झाले. मिशा दोन-दोन हात लांब, कारण उसाच्या दाटीत डोळ्यांपेक्षा मिशांनी जास्त कळतं. आवाज नाही, कारण पानांची सळसळ सदा चालू असते, ओरडून ऐकणार कोण? आकार मोठ्या वासराएवढा. आणि चिखलातून चालायचं म्हणून पाय जेवणाच्या ताटलीएवढे, बोटं तीन, बोटांच्या मधे बदकासारखं कातडं.

मी मनातून इतका खूश झालो की तोंडावर दाखवायचं नाही म्हणून चष्मा पुसत बसलो. मग शिक्षकाने विचारावं तसं विचारलं, मांजराचा ठसा चार बोटांचा उमटतो, मग तुझी तीनच का? ती म्हणाली, दोन बोटं जुळून एक रुंद झालं, रुंद पाय चिखलात कमी रुततो. मी म्हणालो, "हा अंदाज झाला. पुरावा?"

हा शब्द मी छत्तीस वर्षं वर्गात वापरला. कधी कुणाला लागला नाही. ह्या मुलीला लागला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी महेंद्र मोटरसायकलच्या मागे पोत्यात काहीतरी बांधून घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ पत्र्यातून त्याने दोन पाय कापून आणले होते. एक चार बोटांचा, एक तीन बोटांचा कातडं जोडलेला. दोन्ही सारख्याच लांबीचे, आणि प्रत्येकाला वर उभी मूठ. त्याच्या सुपरवायझरने हे काय म्हणून विचारलं, तर महेंद्रने खरं ते सांगितलं, की मुलीच्या मांजराचे पाय आहेत. तेव्हापासून सुपरवायझर त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो, असं महेंद्र म्हणाला. मी हसलो. शेजाऱ्याच्या अडचणीला माणूस हसतो तेव्हा त्याची स्वतःची अडचण जिना चढत असते, हे मला नंतर कळलं.

आता चिखल हवा होता. आबांच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह गळतो, त्यामुळे उसाच्या कडेला बारमाही चिखल असतो. आबा म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले गृहस्थ. माणूस दिलदार, पण पहाऱ्याची सवय गेलेली नाही. घरी पाहुणा आला तरी आधी तो कुणीकडून आला हे बघतात, मग या म्हणतात. त्यांची परवानगी घ्यायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण शनिवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा आबा झोपले होते आणि झोपलेल्या सुभेदाराला गळक्या व्हॉल्व्हबद्दल उठवणं मला बरं वाटलं नाही.

दोन्ही पायांवर सारखं वजन हवं म्हणून मी घरातून ज्वारीचा दहा किलोचा डबा घेतला. ज्वारी कुठे फिरायला निघाली, असं आमच्या घरातून विचारण्यात आलं. मी म्हणालो, प्रयोगाला. परत आल्यावर बायकोने डबा हातात घेऊन तोलून बघितला.

प्रयोग मात्र झकास झाला. चार बोटांचा पाय इतका खोल गेला की काढल्यावर खड्ड्यात पाणी भरलं, ठसा म्हणून काही राहिलाच नाही. तीन बोटांचा निम्माच गेला आणि स्वच्छ उमटला. एका नोंदीने काही सिद्ध होत नाही, असं मीच म्हणालो. त्यामुळे तीन बोटांचे वीस ठसे घेतले. प्रियदर्शनी पट्टी लावून खोली मोजायची आणि वहीत लिहायची. ठसे तिने एका ओळीत, सारख्या अंतरावर घ्यायला लावले, रस्त्याकडून उसाकडे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाचट्या घरी चाललाय ना, सर."

विसावा ठसा उसाच्या पहिल्या सरीला टेकला. पुढे जमीन कोरडी. उद्या रविवार, वर्गातल्या सगळ्या मुलांना ठसे दाखवू, म्हणून मी ते पुसू दिले नाहीत. ह्या सगळ्या प्रकरणात माझी एकच चूक झाली असेल तर ती ही. बाकीच्या चुका ह्या चुकीची पिल्लं आहेत.

रविवारी सकाळी आबांच्या उसाला तोड आली. शहरातल्या मुलांसाठी सांगतो, ऊस तयार झाला म्हणून तोडता येत नाही; कारखान्याची पाळी यावी लागते. पाळी आली की तोडणीची टोळी येते. आबा महिनाभर वाट बघत होते. उसाला तुरे आले होते, म्हणजे आता दिवसागणिक तो आतून पोकळ होणार. टोळी दारातून परत गेली तर पाळी थेट शेवटाला. आबा त्या दिवशी पहाटेच उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर उभे होते.

टोळी जत तालुक्यातली. सात कोयते, म्हणजे सात नवरा-बायकोच्या जोड्या. मुकादम गुंडा नावाचा, बुटका, बोलायला सावकाश. तो उसापाशी आला, खाली बघितलं आणि कोयता काखेत मारून उभा राहिला. मग त्याने वीसच्या वीस ठसे चालत जाऊन मोजले. परत येऊन म्हणाला की जनावर आत गेलंय, बाहेर आल्याची खूण नाही.

आबांनी त्याला सांगितलं की बिबट्या असेल, आपल्याकडे असतोच. गुंडाने मान हलवली.

"बिबट्या आसता तर कवाच शिरलो आसतो, आबा. चौदा वर्सं त्येच्याच शेजारी ऊस तोडतोय. ह्ये काय हाय ते आदी सांगा."

मी गच्चीवर फळा पुसत होतो, तिथे मला खालचा गलका ऐकू आला. खाली कॉलनी जमली होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय येत होता. टोळीला दुसरीकडचा सोपा ऊस हवा आहे म्हणून हे सोंग, असं आबांना वाटत होतं. आबांना हे जनावर आधीपासून माहीत होतं आणि त्यांनी लपवलं, असं गुंडाला. कॉलनीतल्या प्लॉटचे भाव पाडायला कुणीतरी हे मुद्दाम केलंय, असं जयराजरावांना. त्यांनी ठशांचे फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकले होते आणि खाली लिहिलं होतं, घाबरू नये. त्यानंतर सगळे घाबरले होते.

मी जिना उतरलो, गर्दीत शिरलो आणि सगळं सांगून टाकलं. पाय, ज्वारीचा डबा, वीस नोंदी, काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं, लोक आता हसतील, आबा रागावतील आणि दहा मिनिटांत कोयते चालू होतील. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, मानूस लाखातलं हाय तुमी. माजं नुकसान हुतंय म्हनून बोलताय, कळतंय मला. पर ह्या वयात खोटं बोलू नगा."

न बोललेल्या खोट्याबद्दल मला चारचौघांत माफ करण्यात आलं. आयुष्यात एवढा अपमान माझा कुठल्या शिक्षणाधिकाऱ्यानेही केला नव्हता.

मी घरातून लोखंडी पाय आणले. बाजूच्या चिखलात उमटवून दाखवतो म्हणालो. पण बाजूला चिखलच नव्हता. ट्रॅक्टर रुतू नये म्हणून आबांनी पहाटे व्हॉल्व्हला ट्यूबचं रबर आवळून बांधलं होतं आणि चिखलावर मुरूम टाकला होता. ठसे दिसल्यावर तेवढी पट्टी सोडून तिच्याभोवती दगड मांडले होते, फौजी पद्धतीने. मुरमावर माझ्या पायाने नुसता ओरखडा उठला. दगडांच्या आत एक ठसा उमटवू द्या म्हणालो, तेवढ्यात ग्रुपवरच्या फोटोंची बातमी लागून वनरक्षक आला. त्याने पुराव्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. माझाच शब्द माझ्यावर असा उलटेल असं वाटलं नव्हतं.

वनरक्षकाचं नाव इंद्रजित. तरुण, सभ्य, बूट स्वच्छ. त्याने मोबाईलमध्ये नोंदीचा एक नमुना उघडला. त्यात बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा, रानमांजर आणि शेवटी इतर, असे पर्याय होते. ठसा कशातच बसेना, म्हणून त्याने इतर निवडलं. त्यावर नमुन्याने प्राण्याचं नाव विचारलं. माझ्याकडे बघून तो म्हणाला, सर, तुम्ही काय म्हणालात मघाशी? मी म्हणालो, पाचट्या, पण तो अस्तित्वात नाही. त्याने पाचट्या लिहिलं. पुढे संख्या होती. मी म्हणालो, शून्य. त्याने शून्य दाबून बघितलं. नमुना शून्य घेईना. पुढे सरकेचना. शेवटी त्याने एक लिहिलं. अशा तऱ्हेने पाच कोटी वर्षांनंतरचा एक प्राणी गेल्या जानेवारीत इस्लामपुरात नोंदला गेला. तो खोडायचा असेल तर सांगलीला अर्ज करावा लागेल, असं इंद्रजितने मला नम्रपणे सांगितलं.

मग त्याची नजर लोखंडी पायांकडे गेली. हे शिकारीचं साधन असू शकतं, अशी त्याला शंका आली. कशाची शिकार, असं मी विचारलं. तेच तपासावं लागेल, म्हणाला. पंचनामा झाला. लोखंडी पाय, नग दोन, मूठ असलेले. पंच म्हणून जयराजरावांनी सही केली आणि पेन खिशात ठेवता ठेवता मला हळूच म्हणाले की तुम्ही अजून वॉर्ड सांगितला नाही.

महेंद्रची साक्ष काढावी म्हणून त्याला फोन लावला. त्याची सुट्टी सोमवारी, त्यामुळे तो कुपवाडला कामावर होता, आणि कामाच्या वेळेत फोन लॉकरमध्ये. अर्ध्या तासाने उलट निरोप आला, तो असा: पाय संध्याकाळपर्यंत परत द्या, मुठी शॉपच्या आहेत.

एव्हाना वर्गाची मुलं आली होती. प्रियदर्शनी वही छातीशी धरून दगडांच्या कडेला उभी होती. मीच तिला पुढे बोलावलं. ह्याचं मला अजून वाईट वाटतं. तिने वही उघडली आणि एकेक नोंद वाचायला लागली. ठसा पहिला, खोली चार सेंटीमीटर. ठसा दुसरा, खोली चारला थोडी कमी. न अडखळता, न चुकता, घाई न करता. सात-आठ नोंदी झाल्यावर जयराजराव सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "पाठांतर छान करून घेतलंय सरांनी."

काही लोक हसले. प्रियदर्शनी थांबली. तिने वही मिटली आणि माझ्याकडे ते बारीक डोळे करून बघितलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. आठवडाभर मी तिला शिकवलं होतं की पुरावा असला की लोक मानतात. तिने पुरावा आणला होता. आता मला काहीतरी करणं भाग होतं, नाहीतर ही मुलगी पुन्हा कधी पट्टी हातात घेणार नव्हती.

तिकडे गुंडाने कारखान्याच्या माणसाला फोन लावून ठेवला होता. ट्रॅक्टर फिरवायचा का, एवढंच विचारायचं बाकी होतं. आबा इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी सरळ करत होते.

मी म्हणालो, मी स्वतः ह्या सरीतून आत जातो आणि पलीकडच्या बांधावर निघतो. आत काही नाही हे सगळ्यांना दिसेल. प्रियदर्शनी म्हणाली, मी पण येते. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "का? आत काही नाही ना?"

मी तिला आबांच्या शेजारी उभं केलं. पाचट्या आत नाही, ह्याची मला पूर्ण खात्री होती. पण माझी खात्री पाच कोटी वर्षांनंतरच्या प्राण्यांबद्दल होती. आजच्यांबद्दल मी तसा विचार केला नव्हता.

मी आत गेलो. बाळांनो, आडसाली ऊस, म्हणजे दीड वर्षं वाढलेला, आतून कधी बघितलाय? दोन्ही हात पसरायला जागा नाही, वर आभाळ नाही, पानं गालाला कापतात. पाचटावर स्वतःचाच पाय पडला तरी मागून कुणी येतंय असं वाटतं. वीस-तीस पावलं मी शिक्षकाला शोभेल असा गेलो. मग मला मी मुलांना काय शिकवलंय ते आठवायला लागलं. आवाज न करणारा प्राणी. पाचटाच्या रंगाचा. मोठ्या वासराएवढा. हे सगळं खोटं आहे, असं मी मनाला सांगितलं. मन म्हणालं, बिबट्या खोटा नाही. त्याच क्षणी डाव्या हाताला दोन सऱ्या सोडून सळसळ झाली. वारा नव्हता.

नंतरचं मला नीट आठवत नाही. एक चप्पल गेली, चष्मा एका कानावर आला. पलीकडच्या बांधावर मी सरळ तोंडावर पडलो आणि मान वर केली तर समोर चौदा कोयतेकरी, आबा, इंद्रजित, जयराजराव आणि माझा अख्खा वर्ग. मी कुठे निघतो ते बघायला सगळे वळसा घालून आले होते.

जयराजराव म्हणाले, आत काही नव्हतं तर सर पळाले कशाला? प्रश्न रास्त होता. मी कपडे झटकले. व्यायामाची सवय आहे, असं सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. तेवढ्यात प्रियदर्शनी पुढे आली.

"सर, तुम्ही का पळालात?"

छत्तीस वर्षं मी प्रश्न विचारले. मुलांनी बाकाकडे बघत, कान खाजवत, खरी उत्तरं दिली. मी पण बाकाकडे बघितलं असतं, पण बांधावर बाक नव्हता.

मी म्हणालो, "भ्यालो."

"पाचट्याला?"

"पाचट्या नाहीच. तो तुझ्या वहीत आहे. मी बिबट्याला भ्यालो. सळसळ झाली आणि मला वाटलं बिबट्याच."

कुणी हसलं नाही. गुंडा पुढे आला. त्याने मला नीट न्याहाळलं. कापलेला गाल, उरलेली एक चप्पल, एका कानावर लटकणारा चष्मा. मग त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता आली, ती मी परीक्षेचा पेपर सोपा निघाल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर बघितली आहे.

"बिबट्या व्हय? आवं मग सकाळधरनं तसं सांगायचं की. उगं लोखंडाचं पाय दाखवत बसला. ए, डबं काडा रं."

तीन बोटांचं काय, असं इंद्रजितने विचारलं. चिखलात पाय पसरतो, एखादं बोट लढाईत गेलं असेल, असं गुंडाने सांगून टाकलं, आणि सातही कोयत्यांना ते पटलं. मी दिलेला पुरावा कुणाला पटला नव्हता. माझी भीती सगळ्यांना पटली. ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, पण तो शिकवण्यासारखा नाही.

मग बिबट्याच्या उसाची जी ठरलेली रीत आहे ती सुरू झाली. पत्र्याचे डबे बडवले, फटाक्यांची एक माळ लावली. रस्त्याकडून तोड सुरू केली आणि ओढ्याकडची बाजू मोकळी सोडली, म्हणजे जनावराला निघून जाता येतं. ऊस पडायला लागला. आबांनी बाही सरळ करणं थांबवलं. मला चहा पाजला, वर म्हणाले की सर, तुमी खोटं बोलायला लागला की लगीच वळखू येतं बगा, खरं बोलला तसं बरं दिसतं. मी चहा पिऊन टाकला.

दुपारी चारला ओढ्याकडच्या शेवटच्या सऱ्या उरल्या होत्या. गुंडाचा कोयता वर गेला आणि तिथेच थांबला. त्याने हातानेच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. पाचटाच्या खळग्यात दोन पिल्लं होती. रानमांजराची. अंग वाळल्या पानाच्या रंगाचं, कान उभे आणि अरुंद, आणि तोंडातून आवाज नाही. एवढी माणसं भोवती उभी, पण दोघंही हू की चू करत नव्हती.

आबांनी पिल्लांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, ही तुमी तर आनून ठेवली न्हाईत न्हवं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, ते सांगता येत नाही. इंद्रजितने तेवढ्या दहा सऱ्या उभ्या ठेवायला सांगितल्या. आई अंधार पडला की येईल आणि पिल्लं हलवील, तोवर कुणी हात लावायचा नाही. आबांनी लगेच टोळीला मागे घेतलं. दहा सऱ्यांनी काय हुतंय, म्हणाले, आणि स्वतः पहाऱ्याला बसले. इंद्रजितने नमुन्यात रानमांजर शोधलं, संख्या दोन लिहिली. नमुन्याने ती मुकाट घेतली. इतके का गप्प, म्हणून मी बघितलं तर जयराजरावांसकट सगळे मोबाईल पुढे करून फोटो काढत होते.

प्रियदर्शनीने फोटो काढला नाही. ती पिल्लांपासून चार हात लांब, ओल्या सरीच्या कडेला उकिडवी बसली. तिथे एक ठसा होता, लिंबाच्या फोडीएवढा. तिने दप्तरातून पट्टी काढली, ठशाच्या शेजारी धरली आणि वही उघडली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. सकाळी वाचता वाचता थांबली होती ते पान तिने उलटलं, विसाव्या नोंदीच्या खाली एक रेघ ओढली आणि लिहिलं: नोंद एकविसावी. प्राणी खरा. बोटं चार. खोली दोन मिलिमीटर.

मग पेन्सिल तोंडात धरून तिने उभ्या उसाकडे बघितलं. मी सकाळी ज्या सरीतून पळालो होतो त्या सरीची जागा बघितली आणि तिथून पिल्लांपर्यंतचं अंतर डोळे बारीक करून मनात मोजलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: सर पिल्लांच्या आईला भिऊन पळाले असतील.

ती ओळ तिने एकदा वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे कंसात लिहिलं, पुरावा नाही.